‘प्रियंगु’ : एक नाव आणि अनेक वनस्पती

संस्कृत काव्य शिकविताना ‘प्रियंगु’ हा शब्द वारंवार भेटतो. ‘एक सुगंधी वनस्पती’ एवढा अर्थ सांगून आम्ही शिक्षक पुढे जातो. परंतु या शब्दाचा प्रवास पाहिल्यावर असा अर्थ पुरेसा वाटत नाही.

यजुर्वेदात प्रियंगु हे धान्य आहे; आपण त्याला राळा म्हणतो. अमरकोशात हा शब्द दोनदा येतो : वैश्यवर्गात धान्य म्हणून आणि वनौषधिवर्गात श्यामा, लता, फलिनी यांचा पर्याय म्हणून. मेघदूतातील ‘श्यामा’ म्हणजे प्रियंगुलता, असे मल्लिनाथ सांगतो. पुढे औषधी प्रियंगु म्हणून उत्तरेत कॅलिकार्पाचे झुडूप मानले गेले, तर दक्षिणेत अग्लाया.

अग्लाया ही कडुनिंब व महोगनी यांच्या कुळातील वृक्ष-झुडपांची प्रजाती. लुरेरो या पोर्तुगीज जेझुइटाने 1790 मध्ये तिला ग्रीक पुराणातील एका लावण्यदेवतेचे नाव दिले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा, म्हणजे पूर्वीच्या सुपे तालुक्याच्या सदाहरित अरण्यात तिचे वृक्ष आढळतात. त्यांच्या बियांवरील गर धनेश पक्षी खातात व बीज दूरवर नेतात. हा जिल्हा 1862 पासून 1956 पर्यंत मुंबईच्या शासनाखाली होता. म्हणून येथील वृक्षसंपदा वनाधिकारी टॅलबट याच्या मुंबई व सिंधच्या वनवृक्षांवरील ग्रंथात (1909–1911) समाविष्ट झाली.

शास्त्रीय नावेही स्थिर नसतात. वाइटने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका जातीला ‘निम्मोइया लॉई’ म्हटले. ग्रॅहॅमची 1839 ची मुंबईच्या वनस्पतींची सूची पुरी करणारा निम्मो आणि मुलकी अधिकारी लॉ, असे दोघे त्या नावात होते. आज ती ‘अग्लाया लॉई’ आहे. निम्मो गळाला, लॉ राहिला. शास्त्रात मात्र अशा प्रत्येक बदलाची नोंद राहते. आपल्या कोशांत ती राहत नाही.

अग्लाया हा वृक्ष आहे. अमराची ‘लता’ त्याला लागू पडत नाही. म्हणून काव्यातील प्रियंगूपुढे अग्लाया हे नाव निःशंकपणे लिहिणे आम्हांस युक्त वाटत नाही. वेदातील धान्य, काव्यातील लता आणि वैद्यांचे प्रांतोप्रांतीचे द्रव्य यांच्या नोंदी कोशात काल व प्रदेश देऊन वेगळ्या कराव्यात. विद्यार्थ्याला एकच सोपे उत्तर देण्यापेक्षा शब्दाचा इतिहास देणे, हेच अध्यापकाचे कर्तव्य होय.