अगुंग पर्वत आणि एकादश रुद्र

आपल्या देवळांत एकादशणी होते, लघुरुद्र होतो. अकरा ही रुद्रसंख्या आपणांस परिचित आहे. बालीच्या हिंदूंनीही ती जतन केली आहे. अष्टदिशा, मध्य, ऊर्ध्व आणि अध अशा अकरा स्थानांतील रुद्रांच्या शांत्यर्थ ते 'एकदशरुद्र' नामक महायज्ञ करतात. त्याचे स्थान बेसाकीचे मंदिर. वासुकी नागावरून हे नाव पडले असे मानतात. हे मातृमंदिर ज्याच्या उतारावर वसले आहे, तो गुनुंग अगुंग, म्हणजे 'महापर्वत', तीन हजार मीटरहून उंच असा जागृत ज्वालामुखी आहे.

आपला सह्याद्रीही अग्निजन्यच. परंतु तेथील लाव्हा भेगांतून निघून सपाट पसरला. अगुंगचे तसे नाही. एकाच मुखातून लाव्हा, राख व दगड पुनःपुन्हा निघून थरांवर थर बसले आणि सुबक शंकू उभा राहिला. बालीचे लोक त्यास मेरूचा अंश मानतात आणि निजताना उशाही पर्वताकडे करतात.

हा यज्ञ शकवर्षाच्या अखेरीस दोन शून्ये आली म्हणजे करावा, असा संकेत. ते शक आपलेच, शालिवाहनाचे. १९६३ साली मात्र शके १८८४ चालू होते. महासंकट ओढवले असता शतकान्ताची वाट पाहू नये, असाही एक पक्ष होता व त्याचेच म्हणणे मान्य झाले. यज्ञाची सिद्धता चालू असताना, १८ फेब्रुवारीस, १८४३ पासून मूक असलेला पर्वत गर्जू लागला. तथापि ८ मार्चचा मुख्य विधी पार पडला. १७ मार्चला महास्फोट झाला. तप्त वायू व राखेचे लोट उतारांवरून धावले. पुढे पावसाने तीच राख चिखल होऊन गावांवर आली. १६ मे रोजी पुन्हा स्फोट झाला. मृतांचे अंदाज १,१०० ते १,६०० असे आहेत. आकाशात चढलेल्या गंधकयुक्त कणांनी पृथ्वीचे तापमानही किंचित उतरवले.

अकाली यज्ञामुळे देव कोपले, असे पुष्कळांनी म्हटले. वकिलाच्या सवयीने मी तारखा लावून पाहतो. पर्वत यज्ञाच्या मुख्य दिवसापूर्वी अठरा दिवस जागा झाला होता. तेव्हा ८ मार्चच्या विधीवर आरोप ठेवावयाचा, तर कार्य कारणापूर्वी घडले असे म्हणावे लागेल. दुसऱ्या बाजूचा पुरावाही दुबळा नाही: विनाशाचे लोट जवळून गेले, पण बेसाकी वाचले. श्रद्धावंतांनी त्यात कोपाबरोबर कृपाही वाचली. ज्यांची घरे गाडली गेली, त्यांनी काय वाचावे?

शके १९०० च्या अखेरीस, मार्च १९७९ मध्ये, हा यज्ञ पुन्हा झाला. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो उपस्थित होते आणि पर्वत शांत राहिला.

२०१७ मध्ये भूकंपमापकांनी आधीच सूचना दिली. २२ सप्टेंबरला सर्वोच्च इशारा निघाला, लाखाहून अधिक माणसे हलविली गेली. उद्रेक मात्र २१ नोव्हेंबरला सुरू झाला. मधल्या दोन महिन्यांत छावण्यांतील कित्येक शेतकरी गुरांना चारा घालण्यासाठी पर्वताच्या पायथ्याशी जाऊन येत होते.