लघुपट शिकताना : मसूर स्टेशनच्या एका प्रसंगावरून

सातारा आणि सांगलीतील महाविद्यालयीन तरुणांकडे मोबाइल आहे, एडिटिंगची मोफत ॲप्स आहेत आणि सांगण्यासारखे खूप काही आहे. जयंतीची मिरवणूक, मोर्चे, धम्म परिषदा यांचे तासन् तास चित्रीकरण होते. पण त्यातून पाच मिनिटांचा लघुपट क्वचितच तयार होतो. कारण लघुपटासाठी निवड करावी लागते. ती कशी करायची, हे आम्ही आपल्याच जिल्ह्यातील एका प्रसंगावरून मांडत आहोत.

प्रसंग
बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) प्रवेश घेतला. १९०१ मध्ये, खटाव तालुक्यात नोकरीला असलेल्या वडिलांना भेटायला ते घरातील इतर मुलांसह आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडी मिळेना, शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकली. सोबत जेवण होते, पण पाणी कोणी दिले नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे.

गोष्ट लहान करा
हा सगळा प्रवास दाखवायचा तर जुनी आगगाडी, पोशाख, बैल हे सारे लागेल. ते विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यातली एकच गोष्ट घ्या : पाणी. आज आपल्या गावात विहीर, टाकी, नळ कुठे आहे, आपल्या वस्तीला पाणी कधी येते, जुन्या माणसांना पाणवठ्याचे काय आठवते? दोन मित्र आणि एक मोबाइल एवढ्यावर हा माहितीपट होतो.

कामाचा क्रम
१. चित्रीकरणाआधी कागदावर वीस शॉट लिहा. दूरचा, मधला, जवळचा असे तिन्ही हवेत.
२. मोबाइल आडवा धरा, स्टँडवर लावा. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवल्यास ट्यूबलाइटखाली चित्र सहसा लुकलुकत नाही.
३. आवाजाकडे आधी लक्ष द्या. कॉलरचा माइक वापरा, पंखा बंद करा. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये जोड लपवायला ती लागते.
४. आजी-आजोबांना हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारू नका. "तेव्हा काय झालं?" एवढे विचारा आणि थांबा.
५. त्याच संध्याकाळी चित्रीकरणाच्या दोन प्रती करा; फाइलला गाव, तारीख आणि विषय लिहा.

परवानगी आणि कायदा
बोलणाऱ्याची संमती कॅमेऱ्यासमोर नोंदवा आणि तयार लघुपट आधी त्यालाच दाखवा. रेल्वे स्टेशनवर चित्रीकरणासाठी रेल्वेची परवानगी लागते. भीमगीतांवरही कवी, गायक व कंपनीचे हक्क असू शकतात. अनुवादाचे हक्कही वेगळे असतात, म्हणून प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगा. अत्याचाराच्या घटनेवर काम करताना विशेष जपा : लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. चेहरा झाकला तरी घर, गाव आणि नातेवाईक यांवरून ओळख पटते.

आपल्यापुढचे उदाहरण
नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेतले. शाळेची ओढ असलेल्या गरीब मुलाची गोष्ट सांगणाऱ्या त्यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पहिल्या चित्रपटाचा सन्मान मिळाला. 'फँड्री' आणि 'सैराट' नंतर आले.

१९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी दहा वर्षांचे असलेले आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी कुठल्याही दप्तरात नाहीत. त्यामुळे विद्यार्थ्यांनी पहिला लघुपट घरातील किंवा वस्तीतील सर्वांत वयस्कर माणसावर करावा, असे आम्ही सुचवतो. ७ नोव्हेंबरला महाराष्ट्रात विद्यार्थी दिन असतो. त्या दिवशी विहारात पडदा लावून तो दाखवावा; प्रेक्षक कुठे चुळबुळले ते पाहावे आणि दुसरा लघुपट त्यावरून सुधारावा.