निम्मा पाऊस मातीचा

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्यांचा हिशेब दोन गृहीतकांवर उभा होता. तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल, हे पहिलं. त्यातला निम्मा जमिनीत मुरेल आणि उरलेला निम्माच गटारात येईल, हे दुसरं. वाड्या, बागा, मिठागरं आणि खाजणं शाबूत होती तोवर हे दुसरं गृहीतक निभावून गेलं.

पुढे शहरानंच ते खोटं पाडलं. वांद्रे-कुर्ला संकुलाचीच गोष्ट घ्या. मिठी नदी, वाकोला नाला आणि माहीमची खाडी यांच्या काठची ही सखल, दलदलीची जागा. भरतीला पाणी इथं पसरायचं, ओहोटीला उतरून जायचं. १९७७ मध्ये तिचं नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आलं आणि ३७० हेक्टरांवर भराव, रस्ते, बँका, कचेऱ्या असं नवं व्यापारी केंद्र आकाराला येऊ लागलं. भराव घालून भूखंड उंच केला की त्या भूखंडाचा प्रश्न मिटतो. तिथं पसरणारं पाणी मात्र दुसऱ्याच्या दारात जातं.

धोक्याची कल्पना कुणाला नव्हती, असं म्हणता येणार नाही. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला आणि १९९३ मध्ये पर्जन्यजल निचऱ्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल आला. पाऊस तासाला ५० मिलिमीटर धरा आणि तो सगळाच्या सगळा वाहून येईल असं समजा, असं त्यानं बजावलं. म्हणजे वाहिन्यांवर चौपट पाणी! काम रेंगाळलं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा कुठे पुराची कारणं शोधायला डॉ. माधवराव चितळे समिती नेमली गेली आणि हाजी अली, इर्ला अशी उदंचन केंद्रं उभी राहिली. समुद्रात उघडणारी बरीच पातमुखं भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीच्या वेळी पंपांशिवाय पाणी बाहेर पडतच नाही.

इमारतीच्या आवारात काय करता येतं? १ हेक्टरच्या, पूर्ण फरसबंद व्यापारी भूखंडावर तासभर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५ लाख लिटर पाणी जमतं. २००२ मध्ये मुंबईत १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना पर्जन्यजल संचय सक्तीचा झाला. त्यासाठी शोषखड्डा हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पण खाजणावरच्या भरावात भूजल हाताशी असतं, जुलैत खड्डाच तुडुंब भरतो. अशा जागी गच्चीचं पाणी बंदिस्त टाकीत अडवून ओहोटीला हळूहळू सोडणं, हाच पर्याय खरा उपयोगाचा. दादरच्या सखल हिंदमाता परिसराजवळ महापालिकेनं अलीकडे मैदानांखाली बांधलेल्या टाक्या याच तत्त्वावर चालतात.

वास्तुविशारदांनी तळघरात गाड्यांची जागा आखतानाच या ५ लाख लिटरांचीही जागा आखावी आणि मंजुरी देणाऱ्यांनी नकाशात आधी तीच तपासावी.