तळटीप : भारचाचणी

* भारचाचणी : संगणकावर काम करणाऱ्यांच्या बोलण्यात ‘लोड टेस्ट’. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या वाचकाला ती गणपतीच्या तिकिटांवरून चटकन उमगेल. रेल्वेचे आगाऊ आरक्षण सकाळी ८ वाजता उघडते (१ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी, पूर्वी १२०), आणि कोकणकन्येच्या त्याच मोजक्या जागांसाठी असंख्य चाकरमानी एकाच क्षणाची वाट पाहत असतात. चाचणीत तो क्षण आधीच उभा करायचा असतो. नुसते पहिले पान हजारदा उघडून काही कळत नाही. प्रत्येक काल्पनिक प्रवाशाला स्वतंत्र खाते हवे. त्याने लॉगिन, गाडी, नावे-वये, पैसे हा सगळा क्रम पुरा करायला हवा. आजीचे वय आठवताना माणूस थांबतो, कोणी अर्ध्यावर सोडून देतो, तेही त्यात यायला हवे. दर सेकंदाला ५० जण आत आले आणि प्रत्येकाला सरासरी ३ मिनिटे लागली, तर एका वेळी आत ९,००० जण असतात. हा जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम. मला सर्वांत मोलाची वाटते ती शेवटच्या बर्थची कसोटी. वेगवेगळ्या गाड्या मागणारे हजारो जण यंत्रणेला पेलतात. एकाच बर्थवर शंभर जण तुटून पडले, की ती कोणाच्या नावे राखली जाते आणि पैसे कापले जाऊनही किती जण तिकिटाविना राहतात, हे मोजलेच पाहिजे. सरासरीवर विसंबू नये : ९५ टक्के लोकांना झटपट उत्तर मिळाले, तरी त्या ९,००० पैकी ४५० जण खोळंबलेलेच असतात. — संपादक