असांज सुटला, प्रश्न मात्र तिथेच राहिला

26 जून 2024. प्रशांत महासागरातलं सायपान नावाचं छोटं बेट आणि तिथलं अमेरिकेचं कोर्ट. ज्युलियन असांजने न्यायाधीशांसमोर एक आरोप कबूल केला आणि त्याच दिवशी तो विमानाने ऑस्ट्रेलियाला घरी गेला. शिक्षा 62 महिन्यांची, पण तेवढी त्याने लंडनच्या बेलमार्श तुरुंगात आधीच भोगलेली. आपल्याकडे बातमी एक दिवस चालली. 'सुटला एकदाचा' म्हणून विषय संपला.

माझ्या मते विषय संपलेला नाही. थोडा इतिहास सांगतो, मग बघा पटतंय का.

12 जुलै 2007 ला बगदादमध्ये अमेरिकी अपाचे हेलिकॉप्टरने रस्त्यावरच्या माणसांवर गोळीबार केला. मेलेल्यांत रॉयटर्सचे दोन माणसं होती, एक फोटोग्राफर आणि एक ड्रायव्हर. रॉयटर्सने तिथल्या माहिती अधिकाराखाली व्हिडिओ मागितला, मिळाला नाही. एप्रिल 2010 मध्ये तो विकिलीक्सने जगाला दाखवला. त्याच वर्षी अफगाण युद्धाचे सुमारे 75 हजार अहवाल, इराक युद्धाचे 3 लाख 90 हजारांहून जास्त अहवाल आले आणि अमेरिकी वकिलातींच्या अडीच लाखांवर गुप्त तारा बाहेर यायला लागल्या. कागद देणारी होती अमेरिकी सैन्यातली चेल्सी मॅनिंग. तिला 35 वर्षांची शिक्षा झाली, ओबामांनी जाता जाता ती कमी केली, 2017 मध्ये ती सुटली.

इथे नीट लक्ष द्या. मॅनिंगने गुप्ततेची शपथ मोडली होती. असांज अमेरिकेचा नोकर नव्हता आणि नागरिकही नव्हता. त्याला कागद मिळाले, त्याने छापले. न्यूयॉर्क टाइम्स, गार्डियन, डेर श्पीगेल, ल माँद, एल पाईस यांनीही त्यावर बातम्या केल्या. 2011 मध्ये आपल्या 'द हिंदू'ने भारताविषयीच्या तारा छापल्या, खासदारांच्या मतांसाठी पैशांचा विषय निघाला आणि संसदेत गदारोळ झाला. मग असांजवर खटला भरायचा तर या संपादकांवर का नाही? ओबामा सरकार याच प्रश्नापाशी अडलं आणि त्यांनी छापण्याबद्दल आरोप लावलाच नाही. ट्रम्प सरकारने 2019 मध्ये लावला. एकूण 18 आरोप, त्यातले 17 पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या 1917 च्या हेरगिरी कायद्याखाली. जास्तीत जास्त शिक्षा 175 वर्षं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सप्टेंबर 2011 मध्ये विकिलीक्सने सगळ्या तारा नावं न झाकता टाकल्या. अमेरिकेला माहिती देणारे साधे लोक त्यात उघडे पडले. सोबतच्या पाचही वृत्तपत्रांनी जाहीर निषेध केला आणि तो बरोबरच होता. 2013 मध्ये मॅनिंगच्या खटल्यात, नुकसानीचा आढावा घेणाऱ्या अमेरिकी ब्रिगेडियर जनरलला त्या कागदांमुळे मारला गेलेला एकही माणूस दाखवता आला नाही. तरी जीव धोक्यात घातले, हा आक्षेप खोटा ठरत नाही. शिवाय असांजने मॅनिंगला पासवर्ड फोडायला मदत करायचा प्रयत्न केला, असाही आरोप होता. स्वीडनमधली लैंगिक अत्याचाराची चौकशी वेगळी. ती टाळायला तो इक्वेडोरच्या वकिलातीत सात वर्षं बसला, असं त्याचे विरोधक म्हणत. त्याचं म्हणणं की स्वीडनमार्गे अमेरिकेत पाठवतील. ती चौकशी 2019 मध्ये बंद झाली. माणूस आवडावा असा नव्हता, हे त्याचे मित्रही मान्य करतात. पण खटला स्वभावावर चालत नाही.

आता प्रत्यार्पणाकडे येऊ. राजकीय गुन्ह्यासाठी माणूस दुसऱ्या देशाच्या हवाली करायचा नाही, हे तत्त्व ब्रिटनने 1870 च्या कायद्यात घातलं होतं. त्या काळी युरोपभरातले बंडखोर लंडनला आसरा घ्यायचे. पण हा आसरा सगळ्यांना नव्हता, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 1910 मध्ये सावरकरांना लंडनमध्ये पकडलं आणि मुंबईला पाठवायचं ठरलं, तेव्हा 1881 चा वेगळा कायदा वापरला गेला. तो साम्राज्याच्या अंतर्गत होता आणि त्यात राजकीय गुन्ह्याची सूटच नव्हती. मार्सेलची उडी आपल्याला पाठ असते, पण त्याआधी लंडनच्या कोर्टात हा दरवाजा बंद झाला होता, ते कोणी सांगत नाही. पुढे 1911 मध्ये हेगच्या लवादाने फ्रेंच भूमीवरची अटक नियमबाह्य होती असं म्हटलं, पण परत पाठवायची गरज नाही असाच निकाल दिला. सावरकर आणि असांज यांची तुलना मी करत नाही. मुद्दा एवढाच, की 'राजकीय' म्हणजे काय हे कोणता कायदा काढला त्यावर ठरतं.

असांजच्या बाबतीत तेच झालं. 2003 च्या अमेरिका-ब्रिटन करारात राजकीय गुन्ह्यासाठी प्रत्यार्पण नाही, असं स्पष्ट लिहिलंय. पण त्याच वर्षीच्या ब्रिटिश कायद्यात ते कलमच नाही. कोर्ट म्हणालं, आम्ही कायदा बघणार, करार नाही.

4 जानेवारी 2021 ला न्यायाधीशांनी प्रत्यार्पण नाकारलं आणि जगभर पत्रकारांनी पेढे वाटल्यासारखा आनंद केला. निकाल वाचला तर आनंद करण्यासारखं फार नव्हतं. छापण्याच्या स्वातंत्र्याचा मुद्दा त्यांनी फेटाळला होता. नकार होता तो फक्त असांजच्या मानसिक स्थितीमुळे, अमेरिकी तुरुंगात तो आत्महत्या करेल या भीतीमुळे. अमेरिकेने तुरुंगाबद्दल हमी दिली आणि डिसेंबरमध्ये हायकोर्टाने तो निकाल फिरवला. जून 2022 मध्ये गृहमंत्री प्रीती पटेल यांनी सही केली.

पुढे 2024 मध्ये खरा प्रश्न कोर्टासमोर आला. परदेशी माणसाला अमेरिकी घटनेतल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं संरक्षण मिळेल का? अमेरिकेच्या हमीने समाधान झालं नाही आणि 20 मे रोजी अपिलाची परवानगी मिळाली. अपील ऐकलं जाण्याआधीच तडजोड झाली. म्हणजे छापणं हा गुन्हा आहे की नाही, याचा फैसला कुठल्याच वरच्या कोर्टाने केला नाही. नोंदीत राहिली ती एका प्रकाशकाची कबुली.

1971 मध्ये पेंटॅगॉन पेपर्स छापू नका, हे सरकारचं म्हणणं अमेरिकी सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 ने फेटाळलं होतं. कागद देणाऱ्या डॅनियल एल्सबर्गवरचा खटला सरकारच्याच गैरप्रकारांमुळे 1973 मध्ये बारगळला. म्हातारपणी हाच एल्सबर्ग असांजच्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहिला.

आणि आपलं काय? 10 एप्रिल 2019 ला, म्हणजे असांजच्या अटकेच्या आदल्याच दिवशी, आपल्या सुप्रीम कोर्टाने राफेलच्या 'चोरीच्या' कागदांवरचा सरकारचा आक्षेप फेटाळला. त्या निकालात पेंटॅगॉन पेपर्सचा दाखला आहे. मूळ पुनर्विचार याचिका पुढे फेटाळली गेली, तो भाग वेगळा. पण 1923 चा गोपनीयता कायदा अजून तसाच आहे आणि तो कागद देणाऱ्याइतकाच घेणाऱ्यालाही लागू होतो. पत्रकार इफ्तिखार गिलानी 2002 मध्ये त्याच कायद्याखाली सात महिने तिहारमध्ये होते. ज्या माहितीसाठी पकडलं, ती आधीपासून इंटरनेटवर होती. शेवटी सरकारने खटला मागे घेतला. सात महिने कोण परत देणार?

तालुक्याच्या गावी वीसेक वर्षं बातमीदारी करतोय. कागद कसे येतात ते मला माहीत आहे. टपरीवर चहा पिताना कोणीतरी झेरॉक्स घडी करून खिशात सरकवतो आणि 'माझं नाव नको' म्हणतो. त्याने नियम मोडला, हे मला कळतं. मी वाचतो, पडताळतो, लोकांची नावं झाकतो आणि छापतो. असांजने नावं झाकली नाहीत, ही त्याची मोठी चूक. पण कागद घेणं आणि छापणं हाच गुन्हा ठरणार असेल, तर त्या चहाच्या टेबलावर मीही आरोपी आहे.

तुम्हाला काय वाटतं, लिहा. असांज आवडतो की नाही, ते नको. छापावं की नाही, ते सांगा.