सम्राज्ञीच्या नावातील वैरोचन

चीनच्या सिंहासनावर स्वतःच्या अधिकाराने बसलेली एकमेव स्त्री जी सम्राज्ञी वू, तिच्या दरबाराने ६८९ च्या अखेरीस काही नवी अक्षरे जारी केली. देश, वर्ष, तारा अशा नित्याच्या शब्दांचीच ती नवी रूपे होती आणि तिच्या पश्चात ती प्रचारातून उठली. त्यांतले एक मात्र केवळ तिच्या नावापुरते घडवलेले, आणि म्हणूनच अतिविरळ : उच्चार ‘झाओ’, अर्थ ‘उजळणे’, वर सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी, त्यांच्याखाली ‘खुंग’, अर्थात आकाश. ‘फर्मान’ या अर्थाचा दरबारी शब्दही झाओ असाच उच्चारला जात असल्यामुळे, सम्राज्ञीच्या नावाचा अधिक्षेप होऊ नये म्हणून दप्तरात त्याऐवजी दुसरा शब्द रूढ करावा लागला.

सूर्य हे पुरुषतत्त्व, चंद्र हे स्त्रीतत्त्व, आणि दोहोंवर स्वामित्व सांगणारी ही राणी, असा अर्थ सामान्यतः लावतात. त्याहून वजनदार पक्ष ‘यिचिंग’चा : त्या प्राचीन ग्रंथातील तिसाव्या षड्रेषाकृतीच्या विवरणात दुणावलेले तेज आहे, त्याने चारी दिशा उजळणारा महापुरुष आहे, आणि ‘झाओ’ हा शब्दही आहे. परंतु या दोन्ही उपपत्ती सूर्यचंद्रांपाशीच थांबतात, खालच्या आकाशापर्यंत पोचत नाहीत. आकाशासाठी चिनी राजनीतीचा सनातन शब्द ‘थियेन’, ज्याच्या आज्ञेने राजे राज्य करीत. त्याचेही नवे रूप याच संचात सिद्ध असता ते टाकून ‘खुंग’ घेतला, आणि ‘खुंग’ म्हणजे तर भाषांतरकार भिक्षूंनी संस्कृत ‘शून्य’साठी मुक्रर केलेले अक्षर!

तेव्हा या अक्षराचे मूळ बौद्ध परंपरेत, वैरोचनापाशी शोधावे लागते. लुंगमेनच्या कड्यात कोरलेल्या, सुमारे १७ मीटर उंचीच्या वैरोचन बुद्धाच्या मूर्तीसाठी ६७२ मध्ये वूने आपल्या शृंगारखर्चाच्या नेमणुकीतून नाण्यांच्या २०,००० माळा दिल्याचे तेथल्या शिलालेखात नमूद आहे; आणि तिच्या कृपाछत्राखालील भाष्यकार फात्सांग ‘वैरोचन’ या नामाचा अर्थ ‘प्रकाशाने सर्वत्र उजळणारा’ असा देतो, त्यातले उजळणे म्हणजे हेच झाओ. अक्षरे सुचवणारा त्सुंग छिनख हा तिचा आप्त, भिक्षू नव्हे तर दरबारी अधिकारी होता, हा आक्षेप मला पुरेसा वाटत नाही. सम्राज्ञीच्या मनातले ओळखून तिच्यापुढे ठेवणे हेच अशा आप्ताचे काम. शिवाय पुढल्याच वर्षी वूच्या राज्यारोहणाला आधार म्हणून ‘महामेघसूत्र’ राज्यभर पाठवण्यात आले, आणि त्यात स्त्रीदेहाने राज्य करील असे जिच्याविषयी भाकीत आहे, त्या देवकन्येचे नाव चिनी अनुवादात ‘शुद्धप्रकाश’ आहे. सूर्यचंद्रांखाली खुंग मांडला गेला तो याच एका योजनेत, असे माझे निश्चित मत आहे.