डोळ्यात साकळलेले रक्त : मराठवाड्यातील उपचारांचा मागोवा

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पारदर्शक पापुद्रा असतो. त्यातली केसाहून बारीक रक्तवाहिनी फुटली की रक्त पापुद्र्याखाली पसरते आणि तिथेच साकळते. डाग लालभडक दिसतो, पण सहसा दुखत नाही आणि नजरही कमी होत नाही. जोराची शिंक, डांग्या खोकल्याची ढास, ओकारी किंवा डोळा चोळणे एवढे निमित्त पुरते. एक-दोन आठवड्यांत डाग पिवळसर होत विरून जातो. तो आपणहून जातो म्हणूनच त्यावरच्या औषधांची यादी इतकी लांबली. जे घातले त्याचा गुण आला.

मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातले हट्टा गाव आणि भोवतालचा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात वैद्यकी आणि हकिमी शेजारी शेजारी नांदल्या, आणि या डागाची दखल दोन्ही शास्त्रांनी फार पूर्वीच घेतलेली होती.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 76 नेत्ररोग मोजले आहेत, त्यांपैकी 11 पांढऱ्या भागाचे. त्यात सशाच्या रक्तासारख्या एकाच ठिपक्याला ‘अर्जुन’ म्हटले आहे. लाल शिरांचे जाळे पसरते ते ‘सिराजाल’. हा वेगळा रोग. सिराजाल शस्त्राने छेदायचे, अर्जुनाला मात्र शस्त्र लावायचे नाही, असा भेद ग्रंथकाराने केला. आजच्या दृष्टीनेही हा निर्णय अचूक ठरतो. उपचार पित्तज नेत्ररोगाप्रमाणे: ऊस, मध, साखर, स्त्रीचे दूध, ज्येष्ठमध, सैंधव आणि दारुहळद यांचे सेक व अंजन. ही दारुहळद म्हणजे 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद नव्हे. दारुहळद हे हिमालयातले काटेरी झुडूप, आणि त्याच्या काढ्यापासून रसांजन करतात. घरगुती उपायांत मात्र साधी हळदच चाले. डोळे आले की हळदीच्या पाण्यात रंगवलेल्या फडक्याने ते पुसत.

युनानी हकिमांच्या भाषेत हा डाग ‘तरफा’. बगदादचे नेत्रवैद्य अली इब्न ईसा यांचा अकराव्या शतकाच्या सुमाराचा ग्रंथ या परंपरेत प्रमाण मानला गेला. तरफ्यावरचा या परंपरेचा प्रसिद्ध उपाय म्हणजे कबुतराचे कोमट रक्त डोळ्यात सोडणे. तो अरबांचाही नव्हे: पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस यानेही मार लागून रक्ताळलेल्या डोळ्यासाठी कबुतराचे किंवा पाकोळीचे रक्त सुचवले होते. रक्तावर रक्ताचा उतारा, असा हा हिशेब दिसतो. ही विद्या हैदराबादेत सरकारी आश्रयाने विसाव्या शतकातही टिकली. चारमिनारजवळचा निजामिया युनानी दवाखाना सातव्या निजामाच्या काळात बांधला गेला.

1971 मध्ये चित्र पालटले. त्या साली भारतभर पसरलेल्या साथीत डोळे नुसते येत नव्हते, पांढऱ्या भागात रक्तही उतरत होते. ही साथ 1969 मध्ये घानात सुरू झाली. चंद्रावर माणूस उतरला तेच वर्ष, म्हणून तिकडे तिला ‘अपोलो 11’ म्हणत. बंगालमध्ये ती ‘जय बांगला’ झाली. कारण एक नवा विषाणू होता, एंटेरोव्हायरस 70. बहुतेकांचे डोळे काही दिवसांत निवळले. पण मुंबईत नोशिर वाडिया आणि सहकाऱ्यांना डोळे येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी पाय लुळे पडलेले रुग्ण आढळले. त्यांचे निरीक्षण 1973 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि पोलिओसारखा लकवा या साथीमागून येऊ शकतो हे जगाला कळले.

साथ नसताना डाग पुन्हा पुन्हा का उमटतो, या प्रश्नाला जुन्या उपायांत उत्तर नव्हते. दंडावर बांधायच्या पट्ट्याचा रक्तदाबमापक इटलीच्या रिवा-रोची यांनी 1896 मध्ये दाखवला. 1905 मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्याला नाडीचे आवाज ऐकण्याची रीत जोडली. हे उपकरण हाती आल्यावर डोळ्यातल्या वारंवारच्या डागाचा वाढलेल्या रक्तदाबाशी संबंध तपासता येऊ लागला. आज डाग वरचेवर उमटत असेल तर रक्तदाबाबरोबर प्लेटलेट आणि रक्त गोठण्याचा वेळही पाहतात. अॅस्पिरिन आणि वॉरफॅरिन घेणाऱ्यांत तो अधिक दिसतो; मात्र या गोळ्या परस्पर बंद करायच्या नसतात. वॉरफॅरिनची मात्रा रक्त तपासूनच कमी-जास्त केली जाते.